खवल्याची खूण

“एकवीस?”

“बी.”

“माझंही बी. बावीस?”

“डी.”

“डी कसं? सी आहे ते.”

“डीच आहे, तुषार. तू खालचं वाचलंच नाहीस.”

हौदाच्या कट्ट्यावर तिघं बसली होती. माझी नात कांचन, गलांड्यांचा तुषार आणि तांबोळ्यांचा इरफान. मी पलीकडं पाटावर बसून चिलापी मासे साफ करत होते. भोयाच्या घरात माशांचे लिलाव ऐकत माझी हाडं पिकली, पण असला लिलाव मी ऐकला नव्हता. माल दिसत नाही, तराजू नाही, नुसती बोली. बोली जुळली की एकाचं तोंड फुलतं आणि नाही जुळली की दुसऱ्याचं उतरतं.

बारावीनंतर ती मोठी परीक्षा असते, साऱ्या राज्याला एकच पेपर. त्यातला भौतिकशास्त्राचा पेपर सकाळी झाला होता. प्रश्नांची चोपडी घरी न्यायला दिली होती, तीच मांडीवर उघडून यांचं चाललं होतं.

“हे भौतिक म्हणजे रे काय?” मी विचारलं.

“आजी, जगात सगळं कसं चालतं, त्याचं शास्त्र,” तुषार म्हणाला.

“मग आमची नंदा चुलीपाशी का चालत नाही, ते दिलंय का त्यात?”

पोरं हसली. आतून नंदानं, म्हणजे माझ्या सुनेनं, झारा कढईवर जरा जोरात आपटला.

तेव्हा उजनीच्या पाण्याकाठी, सोलापूरच्या रस्त्याला लागून आमची खानावळ होती. वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि मागच्या अंगाला हा सिमेंटचा हौद. जिवंत मासे हौदात सोडायचे, गिऱ्हाईक बोट दाखवील तो बाहेर काढायचा. त्या दिवशी हौदात दोन मरळ होत्या. त्या गिऱ्हाइकासाठी नव्हत्या. रुपनवर सरांसाठी होत्या.

रुपनवर सर तालुक्याला क्लास घेत. माणूस वाईट नव्हता. भोयाची पोर म्हणून कांचनला कधी मागं बसवलं नाही, उलट पुढच्या बाकावर ओढून आणली. आणि आता आमचं सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर लटकलेलं होतं. पोरीला पुण्याला शिकायला ठेवायची तर राहायची सोय पाहिजे. पुण्यात आमचं कोण? मासे नेणारा टेंपोवाला. मुलींचं एक वसतिगृह होतं, एका ट्रस्टचं, पण तिथं ओळखीच्या शिक्षकानं शब्द टाकल्याशिवाय पोरीला उंबऱ्याच्या आत घेत नसत. सरांची तिथं ओळख होती. “पेपर झाला की जेवायला येतो, उत्तरं बघतो, आणि तिथूनच फोन लावतो,” असं ते म्हणाले होते. वसतिगृह नाही तर पुणे नाही, आणि पुणे नाही तर कांचन माझ्या शेजारी पाटावर. माझ्या लेकानं, शिवाजीनं, हे असंच सांगून ठेवलं होतं, आणि त्यात त्याचं काही चूक नव्हतं.

सर आले. हात धुतले, खुर्चीवर बसले. मी एक मरळ काढून नंदाकडं दिली आणि दुसरी राहू दिली, सरांनी आणखी मागितलंच तर असावी म्हणून.

“आणा बघू,” सर म्हणाले. तिघं त्यांच्याभोवती उभी राहिली. सर एकेक प्रश्न वाचत, बोटानं हवेत काहीतरी आखत आणि उत्तर सांगत. कांचनचं जुळत होतं. एकामागून एक जुळत होतं. तुषारचं हुकलं, इरफानचं हुकलं, तरी हिचं जुळत होतं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तिच्या पाठीकडं बघून कळत होतं. पोर ताठ होत चालली होती. मी तिसरीतून उठलेली बाई. नदीला उगम असतो आणि मुख असतं, इथपर्यंत माझं शिक्षण झालं. पुढं धरण आलं आणि आमच्या नदीला मुखसुद्धा राहिलं नाही.

मग तो प्रश्न आला.

“तळ्यात होडी आहे,” सरांनी वाचलं, “होडीत माणूस आणि एक जड दगड. माणसानं दगड उचलून तळ्यात टाकला, दगड बुडाला. तळ्याच्या पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल, की तेवढीच राहील?”

माझा हात थांबला. एवढ्या मोठ्या परीक्षेत माझ्या घरातला प्रश्न.

“तेवढीच,” तुषार आणि इरफान एकदम म्हणाले, आणि शाळेतल्या कवितेसारखं पुढं म्हणाले, “बाहेरून आलं नाही, बाहेर गेलं नाही, पातळी हलली नाही.”

सर हसले. ते त्यांचंच वाक्य होतं. पाण्यात बर्फ वितळला तर काय होतं, हे शिकवताना त्यांनी ते पोरांकडून घोकून घेतलं होतं. त्यांच्या क्लासातली सगळी पोरं ते झोपेतसुद्धा म्हणत.

“माझं कमी होईल,” कांचन म्हणाली.

“काय?”

“मी ‘कमी होईल’ला गोल केलाय, सर.”

“तळ्याला भोक पाडलंस काय?” सर म्हणाले. पोरं हसली. कांचन हसली नाही.

“बर्फाचं ते खरंय सर. दगडाचं तसं नाही.”

“कांचन, वाक्य काय आहे आपलं?”

ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याची मला भीती वाटली. माझ्याच घरातली जात आहे ती. माझी सासू तशी होती, मी तशी आहे. आम्ही मान खाली घालून गप्प बसलो की समोरच्यानं सावध व्हावं. मला वाटलं आपणच मध्ये पडावं, चेष्टेवारी न्यावं आणि ताट वाढावं.

“सर, तुमचंही चूक आणि तिचंही चूक,” मी म्हणाले. “पाणी वर येतं. हौदात दगड टाकला की पाणी वर येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी जन्मभर पाण्यावर आहे.”

“आजी,” सर म्हणाले, अगदी गोड आवाजात, “तुम्ही मासे तळा.”

ते तेवढंच बोलले. वाईट हेतूनं बोलले असतील असं आजही मला वाटत नाही. पण माझ्या खानावळीत, माझ्या जागेवर, मला कुणी मासे तळायला सांगितलेलं नव्हतं. ते मी ठरवत होते.

“आजी,” कांचन हळूच म्हणाली, “तुझा हौद दे मला.”

“आत्या,” आतून नंदा दबक्या आवाजात म्हणाली, “ताट तयार आहे. सरांना जेवू द्या आधी.”

“झाकून ठेव,” मी म्हणाले.

मला खात्री होती. पाणी वर येणार, दोघांचीही जिरणार, म्हातारी जिंकली म्हणून सगळे हसणार आणि जेवायला बसणार. सरांना एका पोरीपुढं हार खाल्ल्यासारखं वाटणार नाही, म्हातारीपुढं हरायला कुणाला काही वाटत नाही. असा माझा हिशेब होता.

भात शिजवायचं मोठं पातेलं इरफाननं आणून हौदात सोडलं. ते डुलायला लागलं. होडी थोपवायचा आमचा दगड भिंतीशी पडून होता, काळा, दोरीनं आवळलेला. माझे मालक गेल्यापासून तो कुणी वापरला नव्हता. तुषारनं तो उचलून पातेल्यात ठेवला. पातेलं गळ्यापर्यंत खाली गेलं आणि हौदाचं पाणी वर चढलं. मरळ घाबरून कोपऱ्यात गेली.

“खूण करा कुणीतरी,” सर म्हणाले. त्यांनाही आता मजा वाटत होती. ते खुर्ची सोडून आले होते.

“खडू नाही इथं,” तुषार म्हणाला.

माझ्या मनगटाला चिलापीचे खवले चिकटलेले होते. आमच्या हाताला ते असतातच. त्यातला एक मी काढला आणि पाणी जिथं भिंतीला टेकत होतं, बरोबर तिथं अंगठ्यानं दाबून बसवला. टिकलीसारखा चमकायला लागला.

तुषारनं दगड उचलला आणि हौदात सोडला. सोडला म्हणजे टाकलाच. माझ्या लुगड्यावर पाणी उडालं, मरळ दुसऱ्या कोपऱ्यात गेली. सगळे वाकले. पाणी हललं, डुललं, हळूहळू थांबलं. खवला पाण्याच्या वर राहिला होता.

“पाणी उडालं बाहेर,” सर म्हणाले.

“उडालं तर,” मीही म्हणाले. माझं लुगडं साक्षीला होतं. “हा पोरगा दगड टाकतो की बाँब? बाजूला हो.”

मी पदर खोचला. दगड हौदातून काढून पुन्हा पातेल्यात ठेवला. पाणी थांबेपर्यंत सगळे उभे राहिले. पहिला खवला काढून मी नवा खवला लावला, पाण्याच्या अगदी ओठावर. मग दोन्ही हातांनी दगड उचलला, हौदावर वाकले आणि त्याला लेकरासारखा पाण्यात उतरवायला लागले. थेंब उडू दिला नाही.

पाण्यात जाताना दगड हलका होतो. हे मला काय नवीन होतं? लहानपणापासून पाण्यातून दगड ओढतेय. पण त्या दिवशी माझ्या हातात तो हलका होत गेला, होत गेला, मग तळाला टेकला, आणि मी हात सोडले. मान वर करून बघितलं.

खवला कोरड्यावर होता. त्याच्या खाली भिंतीचा ओला पट्टा होता, माझी दोन बोटं आडवी बसतील एवढा, आणि त्याच्या खाली पाणी.

मी बोटं लावूनसुद्धा बघितलं. दगड आत होता, मला तळाशी दिसत होता. पातेलं हलकं होऊन वर तरंगत होतं. हौदात पूर्वी जे होतं ते सगळं आताही होतं, बाहेर थेंब गेला नव्हता, माझ्याच हातांनी मी ते केलं होतं. आणि पाणी खाली गेलं होतं.

माझ्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा. मी त्याच पाण्यावर पोट भरलं, त्याच पाण्यानं माझं सासरचं गाव गिळलं, त्याच पाण्यावर माझे मालक दिवसातून किती वेळा तो दगड टाकत आणि ओढत. प्रत्येक वेळी एवढा मोठा जलाशय केसभर तरी खाली जात असेल आणि वर येत असेल, आणि आम्हांला कुणाला पत्ता नाही. पाणी आपलं आपलं करत बसलं होतं. आणि ही पोर, हिचं नाक मी काल-परवापर्यंत पदरानं पुसत होते, ती एका बंद खोलीत कागदापुढं बसली आणि तिला ते दिसलं. हौद नाही, दगड नाही, पाण्याचा थेंब नाही, तरी दिसलं.

“कसं गं?” मी विचारलं.

“होडीत असतो तोवर त्याचा सगळा भार पाणी पेलतं, आजी,” कांचन म्हणाली. “जेवढा भार, तेवढं पाणी बाजूला सरकतं. तळाला गेला की भार जमीन घेते. मग त्याच्या अंगापुरती जागा सोडली तर पाणी मोकळं होतं.”

इरफान तोंडातल्या तोंडात सरांचं वाक्य म्हणून बघत होता. अर्ध्यावरच थांबला.

सर हौदाकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. क्लासातली किती पोरं ते वाक्य घेऊन त्या दिवशी परीक्षेला बसली असतील, तेच ते मनात मोजत होते, असं मला वाटतं.

“आजी,” ते हळूच म्हणाले, “हौद जुना आहे तुमचा. थोडा गळत असेल, नाही का?”

चढ्या आवाजात म्हणाले असते तर मी तिथल्या तिथं फाडून खाल्ला असता. पण ते मागितल्यासारखं म्हणाले. त्यांना माझ्याकडून एक शब्द हवा होता. मी नुसतं “हो, गळतो जरा” म्हणायचं होतं. मग आम्ही सगळे हसलो असतो, सर खुर्चीवर बसले असते, मरळ खाऊन पुण्याला फोन लावला असता. नंदा चुलीपासून उठून दारात आली होती. ती मान हलवून मला खुणावत होती, हो म्हणा, आत्या, हो म्हणा. तुषारची मान खाली. कांचन मात्र माझ्याकडं बघतच नव्हती. ती त्या खवल्याकडं बघत होती, जसं काही मी काय बोलते याच्याशी त्याचा संबंधच नाही. मी गळतो म्हटलं असतं तरी तो तिथंच राहिला असता.

तो हौद माझ्या मालकांनी बांधला होता. गावात पाणी शिरायच्या आधी आमच्या घराच्या पायऱ्या उखडून त्यांनी बैलगाडीतून आणल्या, आणि त्याच दगडांच्या भिंती रचून वर सिमेंट लावलं. पण ते मला नंतर आठवलं. तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

“नाही, सर,” मी म्हणाले. “हौद गळत नाही.”

सरांनी मान हलवली. जाऊन खुर्चीवरची पिशवी घेतली. चपला घालताना त्यांना घाई झाली होती, डावी-उजवी चुकली. “उशीर झाला,” एवढंच म्हणाले. कांचनजवळून जाताना थांबले, तिच्या डोक्यावर हात ठेवतील असं वाटलं. हात अर्धा वर गेला आणि खिशात गेला.

त्यांची मोटारसायकल रस्त्याला लागल्यावर नंदा रडायला लागली. “एवढं काय झालं असतं हो, गळतो म्हणाला असतात तर?”

“ताट आण,” मी म्हणाले.

“आत्या—”

“मरळ थंड झाली तर वाया जाते. आण.”

मी सरांच्या खुर्चीवर बसले आणि त्या तिघांना समोर बसवून आम्ही चौघांनी ती मरळ खाल्ली. तुषारनं डोक्याचा तुकडा कांचनच्या पुढं सरकवला. एरवी त्यासाठी तो भांडला असता.

फोन आला नाही. गेलाही नाही. शिवाजी घरी आला, त्यानं सगळं ऐकलं, आणि तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. निकाल लागला तेव्हा कांचनचं पुण्यात नाव लागलं, पण राहायची सोय नव्हती ती नव्हतीच. त्यावर तो बोलला, आणि तेही भिंतीकडं तोंड करून, “आता काय तिला टेंपोत ठेवायची?”

मी सकाळचा टेंपो धरला. मागं माशांच्या पाट्या, पुढं मी, कांचन आणि तिची पत्र्याची पेटी.

पेटी उंबऱ्याबाहेर ठेवून आम्ही आत गेलो. वसतिगृहाच्या बाई ऑफिसात बसल्या होत्या. पांढरी साडी, नाकावर चष्मा, बोलणं मऊ. माझ्या अंगाला मासळीचा वास येत होता, तरी त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही, हे मी लक्षात ठेवलं. गुणपत्रिका बघून त्या म्हणाल्या, “मार्क चांगले आहेत हो. पण आमचा नियम आहे. मुलीला ओळखणारं, तिच्याबद्दल सांगणारं कुणी शिक्षक पाहिजे.”

“शिक्षक नाही,” मी म्हणाले. “मी आहे.”

“आजी, तसं चालत नाही.”

“बादली आहे का?”

“काय?”

“एक बादली. पाण्यानं भरलेली.”

कांचन माझा पदर ओढायला लागली. मी तिचा हात झटकला. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, शिपायाला सांगून बादली आणवली. माझ्या पिशवीत भाकरीचा स्टीलचा डबा होता. भाकरी काढून कांचनच्या हातात दिल्या, डबा पाण्यात सोडला. आता जड काहीतरी पाहिजे होतं. बाईंच्या टेबलावर वसतिगृहाच्या फाटकाचं कुलूप होतं, लोखंडी, माझ्या मुठीत मावणार नाही एवढं. मी ते न विचारता उचललं आणि डब्यात ठेवलं. डबा खाली गेला, पाणी वर आलं.

मग मी हात बघितला. खवला होताच. टेंपोत पाट्या चढवताना चिकटलेला, कोपराजवळ, सुकलेला. थुंकी लावून ओला केला आणि बादलीच्या आत पाण्याच्या रेषेवर बसवला.

“बाई,” मी म्हणाले, “हे कुलूप मी डब्यातून काढून पाण्यात ठेवणार. पाणी वर जाईल, खाली जाईल, की आहे तिथंच राहील?”

बाई थोडं हसल्या. “वर जाईल. नाही का?”

“मीही तेच म्हणाले होते,” मी म्हणाले, आणि कुलूप उचलून हळूच पाण्यात उतरवलं.

शिपाई वाकला. बाई खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि बादलीपाशी उकिडव्या बसल्या. त्यांच्या पांढऱ्या साडीचा काठ ओल्या फरशीला लागला, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. कितीतरी वेळ त्या खवल्याकडं बघत राहिल्या. मग डबा हलवून बघितला, पाण्याला बोट लावून बघितलं.

“हिनं सांगितलं?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“कुणाच्याही आधी,” मी म्हणाले. “सगळे दुसरं सांगत होते तेव्हा.”

बाईंनी बांगड्या मागं सारल्या. “थांबा,” त्या म्हणाल्या, “मी करून बघते,” आणि पाण्यात हात घालून त्यांनी ते कुलूप स्वतः वर काढलं.

त्या कुलूप पुन्हा डब्यात ठेवत होत्या, तेवढ्यात मी कांचनला म्हणाले, “पेटी आत घे.”